जेनोवाला पहिल्यांदा जाताय? वरून खाली उतरत शहर पाहायची रीत

इटलीची सहल ठरवताना रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा मनोरा ही यादी आधीच तयार असते. जेनोवा त्यात नसतं. असलंच तर चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांना जाताना गाडी बदलायचं स्टेशन म्हणून. मी मिलानला राहते. भारतातून पाहुणे येत असतात आणि त्यांना घेऊन जेनोवाला जाणं होत असतं. दर वेळी प्रश्न तेच असतात: व्हिसाचं काय, कुठल्या स्टेशनवर उतरायचं, शाकाहारी माणसाने खायचं काय, त्या अरुंद गल्ल्यांतून संध्याकाळी फिरलं तर चालेल का. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जेनोवा सपाट नाही. समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर वसलं आणि जागा संपली तसं डोंगरावर चढत गेलं. नकाशात हाकेच्या अंतरावर दिसणारं ठिकाण प्रत्यक्षात चार जिने वर असू शकतं. बंदरापासून सुरुवात करून एकेक ठिकाण बघत चढत गेलात तर दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतात. सकाळी लिफ्टने वर जायचं आणि दिवसभर उतरत बंदरावर यायचं. हा क्रम धरलात तर घरातली सत्तरीची मंडळीही हे शहर आरामात बघतात.

१. कधी जायचं, किती दिवस

तीन रात्री ठेवा. त्याहून कमी वेळ असेल तर दोन, पण मिलानहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं करू नका. तेवढ्यात मत्स्यालय आणि फोकाच्चा या इथल्या पावाचा एक तुकडा एवढंच होतं.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर हे चांगले महिने. ऑगस्टमध्ये उकाडा असतो आणि इटलीतल्या १५ ऑगस्टच्या सणाच्या आगेमागे कितीतरी छोटी दुकानं आणि खाणावळी मालक सुट्टीवर म्हणून बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस हलका समजू नका. डोंगरावरून ओढे थेट शहरात उतरतात आणि २०११ आणि २०१४ साली इथे मोठे पूर आले होते. पावसाचा इशारा पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत देतात. लाल असेल त्या दिवशी शाळा आणि संग्रहालयं बंद ठेवतात, ओढ्याकाठचे रस्ते टाळायला सांगतात. त्या दिवशी हॉटेलवाल्याचं ऐका आणि घरात बसा.

आणखी एक: सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. तुमच्या तीन दिवसांत सोमवार येत असेल तर तो समुद्रकाठच्या गावांसाठी ठेवा. वसंतात आणि शरदात 'रोल्ली डेज' नावाने जुने वाडे लोकांसाठी उघडतात. एरवी ज्यांचा दरवाजाही उघडत नाही अशा वाड्यांत तेव्हा आत जाता येतं. तारखा जुळत असतील तर सगळी सहल त्याभोवती बेतली तरी हरकत नाही.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. नियम असा, की ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. स्वित्झर्लंड आणि इटली एकत्र करणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो: रात्री स्वित्झर्लंडमध्ये जास्त आणि अर्ज इटलीकडे. आधी रात्री मोजा, मग अर्ज भरा. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तो देश.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस केंद्राच्या वेळा पटापट भरतात, तेव्हा दोन-तीन महिने आधी हालचाल करा. मोठ्यांसाठी फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा.

सोबत लागतात ते कागद असे:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिमीचे नवे फोटो
- किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा, संपूर्ण शेंगेन भागात आणि सगळ्या तारखांना लागू असणारा
- जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण, सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि पगारपत्रकं
- रोजचा कार्यक्रम सांगणारं साधं पत्र

शेवटच्या कागदाकडे लोक दुर्लक्ष करतात. विमानाच्या तारखा, हॉटेलच्या रात्री आणि पत्रातला कार्यक्रम हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक रात्र जरी मोकळी सुटली तरी विचारणा होते.

सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवण्याची नवी पद्धत २०२५ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली आहे. पहिल्या वेळी त्यात वेळ जातो. त्यामुळे मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरल्यावर लगेचच्या गाडीचं तिकीट काढून ठेवू नका.

३. मिलानहून जेनोवा, आणि दोन स्टेशनांचा गोंधळ

मुंबईहून जेनोवाला थेट विमान नाही. मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरायचं, तिथून गाडीने मिलानो चेन्त्राले हे मुख्य स्टेशन आणि तिथून जेनोवा. हा दुसरा टप्पा दीड ते दोन तासांचा. इंटरसिटी आणि प्रादेशिक गाड्या दोन्ही जातात. प्रादेशिक गाडी स्वस्त आणि थोडीशीच हळू.

जेनोवात मुख्य स्टेशनं दोन: पश्चिमेला पियात्सा प्रिन्चिपे आणि पूर्वेला ब्रिन्योले. तिकीट काढण्याआधी हॉटेल कोणत्या स्टेशनजवळ आहे ते बघा. चुकून दुसऱ्यावर उतरलात तरी घाबरण्यासारखं काही नाही, दोन्हींमध्ये गाडी आणि मेट्रो दोन्ही आहेत. फक्त सामान घेऊन पुन्हा चढ-उतर करावी लागते.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलं असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट हातात असूनही दंड होतो. टीसीसमोर 'आम्हाला माहीत नव्हतं' हे चालत नाही. मोबाइलवरच्या तिकिटालाही प्रवासाच्या वेळी चेक-इन करावं लागतं. शहरातल्या बसचं तिकीट चढण्याआधी काढा. पांढरा टी लिहिलेली पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानांत ते मिळतं. मेट्रोची एकच मार्गिका आहे, आठ स्थानकांची. प्रिन्चिपे, दार्सेना, सान जॉर्जो, दे फेर्रारी आणि ब्रिन्योले एवढी नावं लक्षात ठेवली की पुरे.

४. राहायची जागा

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दे फेर्रारी चौक ते ब्रिन्योले या पट्ट्यात राहावं. रस्ते रुंद, सपाट, रात्री उजेड. प्रिन्चिपेजवळ व्हिया बाल्बीवरही चांगली हॉटेलं आहेत, पण तिथून बंदराकडे उतरणारी व्हिया दि प्रे ही गल्ली रात्री उशिरा टाळलेली बरी. जुन्या शहराच्या पोटातली घरं फोटोत सुंदर दिसतात, छतावर चित्रं रंगवलेली असतात. पण दारापर्यंत टॅक्सी जात नाही, आणि पाचव्या मजल्यावर जायला उंच उंच दगडी पायऱ्या. बुकिंग करण्याआधी 'अशेन्सोरे', म्हणजे लिफ्ट, आहे का ते लेखी विचारून घ्या.

आता पत्त्याची गंमत, जी कुणी आधी सांगत नाही. जेनोवात एकाच रस्त्यावर घरांचे क्रमांक दोन प्रकारचे असतात. राहत्या घरांचे काळे, दुकानं-खाणावळींचे लाल. लाल क्रमांक कागदावर लिहिताना पुढे 'आर' लावतात. दोन्हींची मोजणी वेगवेगळी चालते, त्यामुळे काळा १२ आणि लाल १२ एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. खाणावळीचा पत्ता शोधताना पुढे 'आर' आहे का हे आधी पाहा.

हॉटेलात पासपोर्ट मागतील, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. माणशी-रात्री शहराचा पर्यटन कर वेगळा भरावा लागतो, बऱ्याचदा रोख. थोडे सुटे युरो जवळ ठेवा.

५. पहिला दिवस: लिफ्टने वर, पायी खाली

पियात्सा पोर्तेल्लोमध्ये एका बोगद्यातून आत गेलं की कास्तेल्लेत्तोची लिफ्ट लागते. १९०९ सालची ही सार्वजनिक लिफ्ट आहे, लोक तिने भाजी घेऊन घरी जातात. वर आलात की समोर अख्खं शहर: पाटीच्या दगडाची करडी छपरं, त्यांच्यामधून डोकावणारे मनोरे, मागे बंदरातल्या क्रेन आणि डावी-उजवीकडे पसरलेला समुद्र. पश्चिमेला उंच दीपस्तंभ दिसेल. त्याला लान्तेर्ना म्हणतात. आजचा मनोरा १५४३ सालचा, जवळपास ७७ मीटर उंच, आणि तो या शहराची खूण आहे. इथे अर्धा तास बसा आणि कुठली गोष्ट कुठे आहे ते डोळ्यांनी बघून ठेवा. खाली गल्ल्यांत शिरल्यावर आकाशही नीट दिसत नाही, तेव्हा हे बघितलेलं उपयोगी पडतं.

उतरून आलात की दोन मिनिटांवर व्हिया गारिबाल्दी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर सावकार घराण्यांनी मुद्दाम आखून घेतलेला हा रस्ता आहे, अवघा अडीचशे मीटर लांब, आणि दोन्ही बाजूंना वाडेच वाडे. हे सावकार स्पेनच्या राजाला कर्ज देत. जेनोवा प्रजासत्ताक होतं, त्याला राजवाडा नव्हता. मग परदेशी राजे, कार्डिनल, राजदूत आले की उतरवायचे कुठे? १५७६ साली ठरलं की शहरातल्या उत्तम वाड्यांच्या याद्या करायच्या, पाहुण्याच्या मानाप्रमाणे वाड्यांचे वर्ग पाडायचे आणि चिठ्ठी काढून ज्याचं नाव येईल त्याने सरकारी पाहुणा घरी उतरवून घ्यायचा. या यादीला 'रोल्लो' म्हणत. त्यातले ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. घरात कोण उतरणार याची चिठ्ठी निघणार म्हटल्यावर मालकांनी जिने, अंगणं, छतावरची चित्रं यांवर किती खर्च केला असेल, ते बघायला तिथेच जायला हवं.

तीन वाडे एकाच तिकिटात पाहता येतात: रोस्सो, बियान्को आणि दोरिया-तुर्सी. वेळ कमी असेल तर रोस्सो निवडा. व्हॅन डाइकने रंगवलेली मालकांची चित्रं त्याच घरात आहेत आणि छतावरून चारी बाजूंचं दृश्य दिसतं. संगीताची आवड असणाऱ्यांनी तुर्सी चुकवू नका. तिथे पागानिनी या विख्यात वादकाचं व्हायोलिन आहे, ग्वार्नेरीने १७४३ मध्ये बनवलेलं. आवाजाच्या ताकदीमुळे तो त्याला तोफ म्हणायचा. मरताना त्याने ते आपल्या जन्मगावाला देऊन टाकलं.

६. कारूज्जी: गल्ल्यांत शिरताना

जुन्या शहरातल्या गल्ल्यांना इथे कारूज्जी म्हणतात. काही इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि वर सहा-सात मजली घरं. भर दुपारीही सावली. मोबाइलचा नकाशा इथे भरकटतो, त्यावर विसंबू नका. साधा नियम लक्षात ठेवा: उतार बंदराकडे नेतो, चढ व्हिया गारिबाल्दीकडे. त्याने बहुतेक वेळा भागतं.

सकाळी दहा ते संध्याकाळी सात हा चांगला वेळ. दुकानं उघडी असतात, माणसांची वर्दळ असते. रात्री मुख्य वाटांवरच राहा. पाकीट पुढच्या खिशात, पाठपिशवी पोटावर, एवढी काळजी पुरते. मी स्वतः एकटी फिरते, पण अंधार पडल्यावर माद्दालेना या भागातल्या मागच्या गल्ल्यांत जात नाही.

या गल्ल्यांतून उतरत सान लोरेन्सोच्या कॅथेड्रलपाशी या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची भिंत लांबूनच ओळखू येते. आत गेल्यावर उजव्या बाजूला जा. तिथे भिंतीशी एक भलामोठा तोफगोळा उभा करून ठेवलेला दिसेल, माणसाच्या कमरेच्या वर येणारा. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमाराने समुद्रातून शहरावर मारा केला, तेव्हा हा गोळा थेट देवळात येऊन पडला आणि फुटला नाही. आजही तिथे येणाऱ्या आज्या वाटेत थांबून क्रूसाची खूण करतात. तळघरातल्या खजिन्यात हिरव्या काचेचं एक षट्कोनी ताट आहे. ११०१ साली पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या कैसरिया शहराच्या लुटीतून आणलेलं. शतकानुशतकं लोक ते पाचूचं समजत. नेपोलियनच्या माणसांनी ते पॅरिसला नेलं आणि परत आलं तेव्हा फुटलेलं होतं. सांधलेल्या भेगा दिसतात.

कोलंबसचं म्हणून दाखवतात ते घर पोर्ता सोप्राना या जुन्या वेशीजवळ आहे. मूळ घर १६८४ च्या फ्रेंच तोफमाऱ्यात गेलं, आजचं नंतर बांधलेलं. बाहेरून बघा आणि पुढे चला. वेस मात्र खरी आणि बाराव्या शतकातली आहे, तिच्याखाली थोडं थांबा.

७. पालात्सो सान जॉर्जो: ठाणे आणि मुंबईचा धागा

बंदरासमोर, पुढच्या भिंतीवर रंगीत चित्रं काढलेली इमारत आहे ती पालात्सो सान जॉर्जो, १२६० सालची. व्हेनिस आणि जेनोवाच्या लढाईत पकडला गेलेला मार्को पोलो इथेच कैदेत होता असं सांगत आलेत. कैदेतच त्याने पिसाच्या रुस्तिकेल्लोला आपल्या प्रवासाची हकिगत सांगितली आणि रुस्तिकेल्लोने ती लिहून काढली. त्या हकिगतीत आपल्या ठाण्याच्या राज्याचंही वर्णन आहे: चामड्याचा आणि कापसाचा व्यापार, आणि घोडे आपल्याला मिळावेत या अटीवर समुद्री चाच्यांकडे काणाडोळा करणारा राजा. ठाणेकर पाहुण्यांना मी इथे नेते तेव्हा ते बराच वेळ हलत नाहीत.

त्याच चौकात राफाएले रुबात्तिनो या जहाजमालकाचा पुतळा आहे. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि त्यानंतर त्याच्या कंपनीच्या बोटी जेनोवा-मुंबई अशा धावू लागल्या. त्याआधी, मे १८६०च्या सुरुवातीला, इटली एक करायला निघालेला सेनानी गारिबाल्दी आपल्या हजार माणसांना घेऊन शहराजवळच्या क्वार्तोहून सिसिलीकडे निघाला तोही याच कंपनीच्या दोन बोटींतून.

८. मॅझिनीचं घर आणि स्तालियेनो

मराठी माणसाने जेनोवाला येऊन हे दोन थांबे चुकवू नयेत असं मला मनापासून वाटतं. इटलीच्या एकीकरणासाठी झटलेला क्रांतिकारक जोसेफ मॅझिनी २२ जून १८०५ ला इथे व्हिया लोमेल्लिनीमध्ये जन्मला. त्या घरात आता इटलीच्या एकीकरणाचं संग्रहालय आहे. इटलीचं राष्ट्रगीत लिहिणाऱ्या गोफ्रेदो मामेलीची वहीही या संस्थेत जपलेली आहे. पर्यटकांची गर्दी इथे नसते, शांतपणे बघता येतं.

लंडनमध्ये असताना सावरकरांनी मॅझिनीचं लिखाण मराठीत आणलं. १९०७ साली ते पुस्तक प्रसिद्ध झालं, हातोहात खपलं आणि सरकारने लवकरच त्यावर बंदी घातली. त्याची प्रस्तावना तरुण मुलं तोंडपाठ करत. 'अभिनव भारत' हे नाव आलं तेही मॅझिनीच्या 'तरुण इटली' या संघटनेवरून. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने या माणसाचं नाव नाशिक-पुण्याच्या खोल्यांमधून दबक्या आवाजात घेतलेलं आहे, हे मनात ठेवून त्या घराचा जिना चढा.

त्याची समाधी स्तालियेनोच्या दफनभूमीत आहे. शहराच्या मध्यापासून बसने जाता येतं, प्रवेशाला पैसे नाहीत. सकाळीच जा, कारण जागा प्रचंड मोठी आहे आणि दुपारनंतर लवकर दारं बंद होतात. १८५१ मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी म्हणजे शिल्पांचं उघडं संग्रहालयच. मॅझिनीची समाधी वरच्या झाडीत आहे, डोंगरात खोदल्यासारखी, पुढे बुटके जाड खांब आणि वर फक्त नाव.

खालच्या कमानींत कातेरिना काम्पोदोनिकोचा पुतळा शोधा. ही बाई जत्रांमधून हेझलनटच्या माळा आणि कड्याच्या आकाराचे कडक गोड पाव विकायची. आयुष्यभर पै-पै साठवली आणि जिवंतपणीच लोरेन्सो ओरेन्गो या नामवंत शिल्पकाराकडून १८८१ मध्ये स्वतःचा पुतळा करून घेतला. आजूबाजूला श्रीमंत घराण्यांचे देवदूत आणि शोकमग्न स्त्रिया, आणि मध्ये ही ठेंगणी, सणाच्या कपड्यांतली, हातात माळा आणि ते गोल पाव धरून उभी. शालीच्या झालरीचा एकेक धागा संगमरवरात कोरलेला आहे, नेसूच्या रेशमावरची वेलबुट्टीसुद्धा. हातांकडे बघा: ते कष्टाचेच हात आहेत, शिल्पकाराने ते नाजूक केलेले नाहीत.

इथे येणाऱ्यांनी कपडे साधे ठेवावेत आणि आवाज हळू. आजही इथे अंत्यविधी होतात.

९. बंदर, आणि मुलं सोबत असतील तर

जुनं बंदर १९९२ मध्ये, कोलंबसच्या प्रवासाला पाचशे वर्षं झाली तेव्हा, याच शहरात जन्मलेल्या रेन्झो पियानो या वास्तुविशारदाने नव्याने आखलं. मत्स्यालय तेव्हाचंच. युरोपातल्या मोठ्या मत्स्यालयांपैकी ते एक आहे आणि मुलं असतील तर जा. वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. क्रूझची जहाजं लागलेली असतील त्या दिवशी रांग फार मोठी असते.

मोठ्यांना मी गालाता हे सागरी संग्रहालय आधी सुचवेन. जुन्या गोदीत २००४ पासून ते आहे. वल्ह्यांची अख्खी गलबत-नौका आत बांधून ठेवली आहे आणि एक मोठा भाग स्थलांतरितांवर आहे. याच बंदरातून लाखो गरीब इटालियन अमेरिका आणि अर्जेंटिनाकडे गेले. समोर पाण्यात 'नाझारियो साउरो' ही खरी पाणबुडी उभी आहे. आत शिरताना डोक्याला हेल्मेट देतात. जागा चिंचोळी, शिड्या उभ्या. गुडघेदुखी किंवा कोंडल्यासारखं होण्याचा त्रास असेल त्यांनी बाहेरच थांबावं.

१०. खाणं: शाकाहारी माणसाची इथे चैन

इटलीतल्या कुठल्याही शहरापेक्षा जेनोवात शाकाहारी पाहुण्यांना घेऊन जायला मला आवडतं. समुद्रकाठ असूनही इथलं रोजचं जेवण भाज्या, डाळीचं पीठ आणि ऑलिव्ह तेल यांवर उभं आहे.

सकाळी फोकाच्चा. बोटभर जाड, वरच्या खळग्यांत तेल आणि मीठ. बेकरीत 'ऊन पेत्सो' म्हणालात की एक तुकडा कापून देतील. काही बेकऱ्यांत डुकराची चरबी घालतात, म्हणून 'स्त्रुत्तो?' असं विचारा. मानेने नाही म्हणाले की घ्या. स्थानिक लोक ती कॅपुचिनोत बुडवून खातात.

फारिनाता म्हणजे चण्याच्या डाळीचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ. बस. परातीएवढ्या तांब्याच्या थाळ्यात पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. सोत्तोरीपाच्या कमानींखाली आणि जुन्या गल्ल्यांत याची दुकानं आहेत. भट्टीतून थाळा बाहेर येतो तेव्हा कडा जवळजवळ काळ्या, मधला भाग पिवळा आणि लुसलुशीत असतो. विकणारा झपाझप वेडेवाकडे तुकडे कापतो, कागदावर ठेवतो, वर मिरपूड. गरम असतानाच खा, गार झाली की मजा गेली. पानिस्सा ही तिची बहीण: तेच पीठ शिजवून, थापून, गार करून वड्या कापायच्या. आपली पाटवडीच, फोडणी आणि खोबरं सोडून. तळलेलीही मिळते. एकाच तेलात मासे तळतात का ते विचारून घ्या.

पेस्तो जगभर मिळतो, पण इथला वेगळा लागतो. प्रा या भागातली कोवळी तुळस, पाइननट, लसूण, जाडं मीठ, ऑलिव्ह तेल आणि दोन प्रकारचं चीज, संगमरवरी खलात कुटलेलं. त्रोफिए किंवा त्रेनेत्ते पास्त्यात बटाटा आणि फरसबी घालून देतात, पोटभर होतं. कडक शाकाहारींसाठी सूचना: त्यातलं पार्मेजानो चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, घट्ट करतात. ते चालत नसेल तर पेस्तो टाळा आणि फारिनातावर राहा. अंडं न खाणाऱ्यांनी त्रोफिए घ्यावं, ते फक्त पीठ-पाण्याचं असतं. पान्सोती या भरलेल्या पास्त्यात सारणाला अंडं-चीज लागतं. सांगायचं वाक्य एकच: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', मांस नको, मासे नकोत. नुसतं 'व्हेज' म्हणालात तर अँचोव्ही घातलेला पदार्थ पुढ्यात येऊ शकतो.

जेवायच्या वेळा पाळा. दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडी रक्कम येते, ती बसण्याची आणि पावाची असते, फसवणूक नाही. कॉफी काउंटरवर उभं राहून घ्या. बसून घेतली की दर वाढतो.

११. एक दिवस समुद्रकाठी

पाय ठीक असतील तर कोर्सो इटालियाच्या फरसबंद काठाने चालत बोक्कादास्से या जुन्या कोळीवस्तीपर्यंत जा. रंगीत घरं, गोट्यांचा छोटासा किनारा, ओढून ठेवलेल्या होड्या. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर नेर्वी बरं. गाडीने थोडाच वेळ लागतो आणि कड्याच्या कडेने दोन किलोमीटरचा सपाट रस्ता आहे, बाकही आहेत.

पूर्ण दिवस असेल तर चिंक्वे तेर्रेऐवजी कामोल्यीला जा असं मी सांगेन. चिंक्वे तेर्रे सुंदर आहे, तास-दीड तासावर आहे, पण उन्हाळ्यात फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. कामोल्यीहून बोटीने सान फ्रुत्तुओसोच्या मठाला जाता येतं. तिथे गाडीरस्ता नाही, बोट किंवा डोंगरातली पायवाट एवढेच मार्ग. मठासमोरच्या समुद्रात १९५४ साली ख्रिस्ताची मूर्ती पाण्याखाली उभी केली आहे. शेवटची बोट किती वाजता आहे ते जातानाच विचारा, आणि समुद्र खवळला तर बोटी बंद होतात हे धरून चला.

पोहायचं असेल तर रबरी चपला न्या. इथले किनारे गोट्यांचे आहेत, अनवाणी चालवत नाही.

१२. परतताना

पेस्तोची बाटली घ्यायचा मोह होतोच. विमानात हातातल्या सामानात पेस्तो द्रवपदार्थांमध्ये धरतात आणि सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. जेनोवाच्या विमानतळाने २०१७ पासून देणगी देऊन पेस्तो सोबत न्यायची खास सवलत सुरू केली होती, पण ती तिथून निघणाऱ्या थेट विमानांपुरती. आपण मिलानहून निघणार, तेव्हा बाटली चेक-इन बॅगेत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. फ्रिजमधला ताजा पेस्तो प्रवासात टिकत नाही. बंद बाटलीतला घ्या. लसूण न खाणाऱ्यांसाठी 'सेन्झा आल्यो' लिहिलेल्या बाटल्या मिळतात. आणि खरेदी शेवटच्या सकाळवर ठेवू नका: ती रविवारी आली तर गल्ल्यांतली बरीच दुकानं बंद असतात.